डोंगराच्या पोटातील खोल्या
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



मेळाव्याच्या भाषणात शिक्षकाने काय बोलावे हे बहुतेक ठरलेले असते. अभ्यास कसा करावा, वेळ कसा वाचवावा, मोबाइल कसा दूर ठेवावा. हे सर्व आपण दरवर्षी ऐकता आणि माझे सहकारी ते माझ्यापेक्षा चांगले सांगतात. म्हणून मी चिटणीस साहेबांची परवानगी घेऊन आज एक वेगळा विषय निवडला आहे. माणसाने जमिनीखाली, डोंगराच्या पोटात, वापरण्याजोगी जागा कशी तयार केली आणि ती कोसळत कशी नाही, हा तो विषय. मी इंजिनिअर नाही, बी. ए., बी. एड्. झालेला, भूगोल आणि मराठी शिकविणारा शिक्षक आहे. तेव्हा वर्गातील मुलांना समजेल एवढेच आणि वाचून, पाहून ज्याची खात्री पटली तेवढेच सांगणार आहे.

विषय आपल्यापासून दूरचा नाही. कोकण रेल्वेच्या मार्गावर ९१ बोगदे आहेत. त्यांतील सर्वात मोठा रत्नागिरीजवळचा करबुडे येथील, जवळजवळ साडेसहा किलोमीटर लांबीचा. मुंबईला जाताना आपण त्यातून जातो, खिडकी बंद करतो, डबा उघडतो आणि जेवण संपण्याच्या आत पलीकडे निघतो. डोक्यावर एवढा मोठा डोंगर आहे आणि तो खाली का येत नाही, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. न विचारणे हीच खरे तर त्या बांधणाऱ्यांची मोठी पावती आहे. पण विद्यार्थ्याने तरी तो विचारावा.

घर बांधताना आपण काय करतो? मोकळ्या जागी पाया खणतो आणि त्यावर वीट, चिरा, सिमेंट, सळई रचीत जातो. प्रत्येक वस्तू दुकानातून निवडून आणलेली असते. सिमेंट कोणत्या प्रतीचे, सळई किती जाडीची, हे आपल्या हातात असते. जमिनीखाली सगळे उलटे आहे. तेथे काही रचावयाचे नसून काढावयाचे असते, आणि जे उरते तेच भिंत, तेच छत, तेच खांब. हे सामान कोणी निवडलेले नसते. ते कोट्यवधी वर्षांपूर्वी तेथे पडलेले आहे, भेगांसकट, पाण्यासकट. इंजिनिअरला ते आहे तसे पत्करावे लागते.

आता छत का पडत नाही ते पाहू. वाहत्या नदीत पुलाचा खांब असला म्हणजे पाणी खांबाच्या दोन्ही बाजूंनी वळून पुढे जाते. डोंगराचे वजनही असेच वाहते, फक्त ते वरून खाली वाहते आणि डोळ्यांना दिसत नाही. मध्ये पोकळी केली की ते वजन पोकळीच्या दोन्ही अंगांनी वळून खाली उतरते. पोकळीभोवतीच्या खडकावर त्यामुळे जास्त दाब येतो. खडक तो दाब सोसण्याइतका मजबूत असेल आणि पोकळीचा आकार कमानीसारखा असेल, तर खडक स्वतःच स्वतःला सावरतो. आपल्या जुन्या विहिरींचे गोल बांधकाम पाहा. चुना नसतानाही त्यातला दगड आत पडत नाही, कारण प्रत्येक दगड शेजारच्या दोघांना दाबून धरतो. चौकोनी विहिरीला ही सोय नाही.

म्हणून या शास्त्रातला पहिला धडा असा, की बोगद्याला आधार देणारी मुख्य वस्तू लोखंड किंवा सिमेंट नसून खुद्द डोंगर असतो. लोखंड आणि सिमेंट हे त्याला मदत करतात. सुरुंगाने भाग उडविल्यावर छताला भोके पाडून त्यात लांब लोखंडी दांडे घट्ट बसवितात, त्यांना रॉक बोल्ट म्हणतात. सुटू पाहणारा थर ते मागच्या पक्क्या थराशी जखडून ठेवतात. मग दाबाने काँक्रीटचा फवारा मारतात, तो शॉटक्रीट. आपण भिंतीला गिलावा करतो तसाच तो दिसतो, पण त्याचे काम शोभेचे नाही. पहिला लहान दगड निसटू न देणे हे त्याचे काम. कारण पहिला दगड निसटला की दुसऱ्याचा आधार जातो आणि दुसऱ्यामागून तिसरा येतो.

पण आतला खडक पक्का आहे की फुटका, हे बाहेरून कसे कळावे? त्यासाठी पोकळ नळीसारख्या छिद्रकाने जमिनीत खोल भोक पाडून खडकाचा लांब दंडगोल बाहेर काढतात. त्याला कोअर म्हणतात. त्याची परीक्षा करण्याची एक रीत इतकी सोपी आहे की सातवीचा विद्यार्थीही ती करू शकेल. समजा एक मीटर कोअर काढला आणि त्याचे तुकडे निघाले २५, १८, १४, १२, ८ आणि ६ सेंटिमीटरचे, बाकी चुरा. यांतील दहा सेंटिमीटर किंवा त्याहून मोठे तेवढेच मोजावयाचे. २५, १८, १४, १२ यांची बेरीज ६९. म्हणजे खडकाची प्रत शंभरात ६९, ठीक, पण उत्तम नव्हे. नव्वदच्या वर गेला तर उत्तम, पंचवीसच्या खाली आला तर फार वाईट. पुढे १९७४ साली नॉर्वेमधील निक बार्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यात भेगांची संख्या, त्यांचा खरखरीतपणा, त्यांत भरलेली माती, पाणी आणि दाब यांचा हिशेब घालून खडकाला एकच गुणांक देण्याची पद्धत बसविली. त्या गुणांकावरून किती दांडे, किती जाड फवारा हे ठरविता येते. आज जगभर ती वापरतात. गणिताच्या तासाला ‘टक्केवारी कशाला शिकायची?’ असे विचारणाऱ्या आमच्या काही मित्रांसाठी हे मुद्दाम सांगितले.

आता आपल्या सह्याद्रीकडे येऊ. हा डोंगर ज्वालामुखीच्या लाव्हाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट एकामागून एक येऊन थिजले आणि थरांवर थर चढले. घाटात उभे राहून समोरचा कडा पाहिला तर पायऱ्या पायऱ्या दिसतात, त्या याच थरांच्या. यात काही थर सलग काळ्या कातळाचे, फार कणखर. काहींत वायूच्या बुडबुड्यांची भोके राहिली आणि मागाहून पांढऱ्या खनिजांनी भरली. आणि दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे लाल, गेरूसारखा मऊ पट्टा असतो. कोरडा असताना तो बरा दिसतो, भिजला की भुसभुशीत होतो. बोगदा काळ्या कातळातून जात असेल तर काम सुरळीत चालते. हाच लाल पट्टा छतात आला तर कंत्राटदाराची झोप उडते. वेरूळचे कैलास लेणे ज्यांनी आठव्या शतकात वरून खाली कोरीत आणले, त्यांच्याजवळ कोअर काढण्याचे यंत्र नव्हते. पण कोणता थर जाड आणि सलग आहे हे त्यांच्या छिन्नीला कळत होते, नाहीतर एवढे काम तडीस जातेच ना.

खाली किनाऱ्याकडे आलो की जांभा आणि माती लागते. कोकण रेल्वेचे काम चालू असताना कातळातील बोगद्यांनी जेवढा त्रास दिला नाही तेवढा गोव्यातील पेडण्याच्या मऊ मातीच्या बोगद्याने दिला. खणावे तेवढे आत ढासळत होते. सारा मार्ग १९९८च्या जानेवारीत खुला झाला, त्याला उशीर होण्याचे एक कारण हा बोगदा होता. सामान्य माणसाची समजूत अशी की कातळ फोडणे अवघड आणि माती खणणे सोपे. बोगद्यात ते खरे नाही.

आता जे उदाहरण मला सविस्तर सांगावयाचे आहे ते आपल्या जिल्ह्यातले आहे. चिपळूण तालुक्यातील पोफळी. तेथे डोंगराच्या आत कोयनेचे वीजघर आहे. चिपळूणच्या मुलांनी वाशिष्ठीचे पाणी रोज पाहिलेले असते, पण त्यात सह्याद्रीच्या पलीकडचे पाणी मिसळलेले आहे हे विचारले तर अनेकांना सांगता येत नाही.

कोयना ही कृष्णेची उपनदी. निसर्गतः तिचे पाणी पूर्वेला, बंगालच्या उपसागराला जावयाचे. ती ज्या पठारावर वाहते त्याच्या पश्चिमेला काही किलोमीटरवर कडा तुटतो आणि खाली कोकण लागते. इंजिनिअर मंडळींनी नेमके हेच हेरले. सातारा जिल्ह्यात १०३ मीटर उंचीचे धरण बांधले, त्यामागे सुमारे १०५ टीएमसीचा शिवसागर जलाशय झाला, आणि जलाशयाचे पाणी नवजा येथून डोंगराच्या पोटातील बोगद्याने पश्चिमेकडे वळविले. साडेतीन-पावणेचार किलोमीटर ते जवळजवळ आडवे जाते. मग उताराच्या मोठ्या नळांतून एकदम खाली कोसळते. पावणेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवरून. शंभर मजल्यांच्या इमारतीच्या गच्चीवरून पाणी सोडल्यासारखे म्हणा ना. त्या पाण्याच्या जोरावर पहिले यंत्र १९६२ साली फिरू लागले.

हे नळ आणि वीजघर डोंगराच्या उतारावर उघड्यावर का नाही बांधले? विचार करा. एवढ्या उंचीच्या पाण्याचा तळाशी केवढा दाब! उघड्या नळाला तो एकट्याने सोसावा लागेल, म्हणजे पोलाद अतिशय जाड हवे. नळ कातळात बसविला तर दाबाचा मोठा वाटा कातळ उचलतो. शिवाय घाटाचा उभा कडा, कोकणातला पाऊस, दरडी. वीजघराला सपाट जागा कोठून आणणार? त्यापेक्षा डोंगराच्या आतच एक लांबरुंद दालन कोरले, यंत्रे त्यात बसविली आणि माणसांना व वाहनांना जाण्यायेण्यासाठी वेगळा बोगदा ठेवला. आणखी एक गोष्ट आहे. भूकंपाचे हादरे जमिनीच्या वर उभ्या असलेल्या इमारतीला जितके हेलकावतात तितके खोल कातळातील पोकळीला हेलकावीत नाहीत. ती कातळाबरोबर हलते. बोगद्याचे तोंड आणि खडकातील मोठी भेग, ही दोन ठिकाणे मात्र धोक्याची. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा पहाटेचा भूकंप ज्या वडीलधाऱ्यांनी अनुभवला त्यांना या मुद्द्याचे महत्त्व मी सांगायला नको.

या सगळ्यात मला सर्वात गमतीची वाटते ती सर्ज टँक नावाची उभी विहीर. आडवा बोगदा संपून उतार सुरू होतो तेथे ती असते. वीजघरातले यंत्र अचानक बंद झाले तर काय होईल? काही किलोमीटर लांबीच्या बोगद्यातले हजारो टन पाणी वेगाने पुढे येत आहे आणि पुढचे दार बंद. घरातला नळ एकदम बंद केल्यावर पाइपात ‘धाड्’ असा आवाज होतो ना, तोच प्रकार, पण डोंगर फोडील एवढ्या ताकदीचा. अशा वेळी पाण्याला वर चढावयास जागा हवी. ते या विहिरीत चढते, उतरते, पुन्हा चढते आणि थोड्या वेळाने शांत होते. म्हणजे जमिनीखाली ‘रिकामी’ ठेवलेली जागाही काम करीत असते.

पुढे टप्पे वाढत गेले. पहिला-दुसरा टप्पा मिळून ६०० मेगावॅट, तिसरा ३२०, चौथा १०००, आणि धरणाच्या पायथ्याचे वीजघर ४०. एकूण १९६० मेगावॅट. चौथ्या टप्प्यासाठी जलाशयातून नवीन बोगदा काढावयाचा होता आणि तेथे खरी अडचण आली. बोगद्याचे तोंड पाण्याखाली उघडावयाचे, पण जलाशय रिकामा कसा करणार? वीज बंद, खालच्या शेतीचे पाणी बंद. म्हणून नॉर्वेत वापरात असलेली एक युक्ती योजिली, लेक टॅपिंग. बोगदा डोंगराच्या आतून जलाशयाच्या तळाखाली न्यावयाचा आणि शेवटचा थोडासा कातळ बुचासारखा शिल्लक ठेवावयाचा. वर पाणी, खाली माणसे, मध्ये ते बूच. मग त्यात भोके पाडून सुरुंग भरावयाचे, माणसे बाहेर काढावयाची आणि बूच एकाच वेळी उडवावयाचे. फुटलेला दगड पाण्याबरोबर यंत्रापर्यंत वाहत जाऊ नये म्हणून त्याच्या खाली मोठा खड्डा आधीच खणून ठेवावयाचा. सुरुंग पुन्हा भरता येत नाही, दुसरी संधी नाही. १३ मार्च १९९९ रोजी हे काम कोयनेवर झाले आणि यशस्वी झाले. आणखी खालच्या पातळीचे पाणी घेता यावे म्हणून २५ एप्रिल २०१२ रोजी ते पुन्हा केले गेले.

कोयनेचे कौतुक करताना एक गोष्ट गाळून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. शिवसागराखाली गावे गेली. त्या गावांतील माणसे राज्यात ठिकठिकाणी पांगली आणि त्यांतील कित्येकांच्या पुनर्वसनाच्या तक्रारी दोन-तीन पिढ्या चालल्या. आपण वर्गात पंखा लावतो तेव्हा त्या विजेच्या हिशेबात त्यांचेही खाते असते.

वीजघर म्हणजे यंत्रांची खोली. पण हजारो माणसे बसतील अशी खोली कातळात करता येईल काय? नॉर्वेत योव्हिक नावाच्या गावी ती केलेली आहे. १९९४च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी त्या लोकांनी गावाजवळच्या टेकडीच्या आत आइस हॉकीचे प्रेक्षागृह कोरले. लांबी ९१ मीटर, उंची २५ मीटर आणि रुंदी सुमारे ६२ मीटर. मध्ये एकही खांब नाही. पाच हजारांहून अधिक प्रेक्षक त्यात बसतात. आपले हे सभागृह आडवे ठेवले तर तशी चार-पाच तरी त्या रुंदीत मावतील. डोक्यावर कातळ किती? पंचवीस ते पन्नास मीटर. रुंदीपेक्षा कमी! हे वाचून मी प्रथम थांबलोच.

ते छत टिकले याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. येथे बसलेल्या मुलांनी उद्या वर्गात दहा-बारा पुस्तके उभी ओळीने लावावी, दोन्ही तळहातांनी दोन्ही टोकांकडून घट्ट दाबावी आणि उचलावी. मधली पुस्तके पडत नाहीत, खाली आधार नसताना. हात सैल केले की ओळ कोसळते. योव्हिकच्या कातळात आडवा दाब असा नैसर्गिक रीतीने भरपूर होता. जणू दोन तळहात डोंगराला दोन्हीकडून दाबून धरीत होते. भेगा होत्या, पण त्या दाबाने मिटलेल्या होत्या. इंजिनिअरांनी तो दाब आधी मोजला, मग रुंदी ठरविली. खोदकामात छत किती खचले? आठ मिलिमीटरच्या आसपास. हेच माप उचलून दुसऱ्या टेकडीत वापरले तर अनर्थ होईल. कोठल्याही डोंगराचा नकाशा दुसऱ्या डोंगराला चालत नाही.

फिनलंडची राजधानी हेलसिंकी तर जमिनीखालच्या जागेचा शहराच्या नकाशासारखा आराखडा ठेवते. तेथे कातळात पोहण्याचा तलाव आहे, तो युद्धप्रसंगी हजारो माणसांना आसरा देईल अशा रीतीने बांधलेला आहे. वरची जमीन बागांना आणि घरांना मोकळी राहते.

आपल्या देशातील एक उदाहरण सांगतो. विशाखापट्टणम्, मंगळूर आणि पादूर येथे देशाचा अडचणीच्या काळासाठीचा कच्च्या तेलाचा साठा कातळातील प्रचंड विवरांत ठेवला आहे. तिन्ही मिळून ५३ लाख टनांवर साठवण. या विवरांना आतून पत्रा नाही, टाकी नाही. उघड्या कातळात तेल! मग ते भेगांतून झिरपून का जात नाही? कारण भोवतालच्या कातळात भूजल असते आणि त्याचा दाब आतल्या तेलापेक्षा जास्त राहील इतके खोल विवर ठेवतात. वर ओळीने भोके पाडून त्यांत पाणी भरलेले ठेवतात, म्हणजे दाब कधी कमी होत नाही. तेल बाहेर जाऊ पाहते, पण पाणी आत येऊ पाहते आणि पाण्याचा जोर अधिक. थोडे पाणी आत झिरपते, ते तळाशी साचते, पंपाने उपसतात. एरवी बोगद्याचा सर्वात मोठा शत्रू पाणी, त्यालाच येथे पहारेकरी नेमले आहे.

पाण्याचा विषय निघाला आहे तर एक जुनी गोष्ट. इराणात डोंगराच्या पायथ्याशी पाणी लागेपर्यंत विहीर खणीत, आणि तेथून गावापर्यंत जमिनीखालून अगदी किंचित उताराचे भुयार नेत. वाटेत ठराविक अंतरावर उभ्या विहिरी. त्यांतून माती काढावयाची, हवा घ्यावयाची आणि पुढे दुरुस्तीसाठी उतरावयाचे. याला कनात किंवा कारेझ म्हणतात. पंप नाही, मोट नाही, पाणी आपल्या पायांनी गावात येते. उतार जास्त झाला तर पाणी भुयार खरवडते, कमी झाला तर गाळ साचतो. हे मोजायचे कसे, यावर अल्‌-करजी नावाच्या गणितज्ञाने इसवी सन १०१७ च्या सुमारास एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. बीजगणितातही त्याचे नाव मोठे आहे. ही विद्या दख्खनच्या वाटेवरही आली. बऱ्हाणपूरला १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानानच्या काळात, कुंडी भंडारा झाला. मलिक अंबरने १६१० साली वसविलेल्या खडकी शहराला, म्हणजे पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर, नहर-ए-अंबरीचे पाणी असेच जमिनीखालून आणले.

अशा नावांचा आपल्या सभांतून पुष्कळ गौरव होतो. होऊ द्या, पण मला त्यापुढे एक विचारावयाचे आहे. अल्‌-करजीचे नाव आपल्या मुलांना सांगतो तेव्हा त्याचे गणितही सांगतो काय? किलोमीटरला एक मीटर उतार म्हणजे दहा मीटरला किती, हे फळ्यावर काढून घेतो काय? आणि नहर-ए-अंबरीवर बांधकामे चढली, विहिरी बुजल्या, तेव्हा आपल्यापैकी किती जणांना त्याचे वाईट वाटले?

जमिनीखालील जागा वापरण्याजोगी होण्यास छत टिकणे एवढेच पुरत नाही. हवा हवी, पाण्याचा निचरा हवा आणि बाहेर पडण्याची दुसरी वाट हवी. या तिसऱ्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाले की काय होते ते जगाने पाहिले आहे. फ्रान्स आणि इटली यांच्यामधील माँ ब्लाँ बोगद्यात मार्च १९९९ मध्ये एका मालमोटारीला आग लागली आणि ३९ माणसे गेली. बहुतेकांना ज्वाळांनी नव्हे, धुराने मारले. म्हणून हिमाचलातील २०२० साली सुरू झालेल्या नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यात रस्त्याच्या खाली सुटकेचा वेगळा मार्ग ठेवला आहे. मुंबईची ३३ किलोमीटरांची भुयारी मेट्रो २०२४ ते २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने सुरू झाली. नदीखालून आणि जुन्या इमारतींखालून जाणारे हे बोगदे यंत्राने कोरले, ते काम खरोखर अभिमानाचे. पण मे २०२५ मधील एका पावसात आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरले. खोल कातळातून ते आलेले नव्हते. जिन्याच्या, दरवाजाच्या बाजूने आले.

आणि उत्तराखंडातील सिल्क्यारा. १२ नोव्हेंबर २०२३ च्या पहाटे बोगद्याचा भाग कोसळला आणि ४१ मजूर आत अडकले. पुढे बोगदा अजून खणलेला नव्हता, मागे साठेक मीटर मलबा. दुसरी वाट नाही. मोठे यंत्र मलब्यातील लोखंडात अडकून मोडले. शेवटचे दहा-बारा मीटर माणसांनी लोखंडी नळीत आडवे होऊन हाताने उकरले. अरुंद जागेत शिरून हाताने काम करण्याची सवय असलेले ते गरीब मजूर होते. १७व्या दिवशी, २८ नोव्हेंबरला, एक्केचाळीसच्या एक्केचाळीस जण बाहेर आले. उकरणाऱ्यांत हिंदूही होते, मुसलमानही होते. त्यांची नावे त्या आठवड्यात देशभर झाली. पण ते परतले ते त्याच रोजंदारीकडे.

पालकांनो, या विषयाचा आपल्याशी संबंध येथे येतो. मी हा विषय शिक्षक-खोलीत बोललो तेव्हा एक पालक सहज म्हणाले, ‘सर, आमच्या पोरांना बोगद्यात कशाला पाठवता?’ माझे म्हणणे असे आहे की आपली मुले बोगद्यात जातातच. दोहाची मेट्रो २०१९ साली सुरू झाली, रियाधची २०२४च्या डिसेंबरात. दोन्हींचा मोठा भाग जमिनीखाली आहे. आखाताला कोकणातून किती घरची मुले कामाला जातात हे आपण जाणता. प्रश्न एवढाच आहे की ती तेथे हेल्पर म्हणून फावडे धरून उभी राहणार, की सर्व्हेअर म्हणून दुर्बीण लावून, की भूशास्त्रज्ञ म्हणून छताकडे पाहून ‘आज येथे सुरुंग लावू नका’ असे सांगण्याचा अधिकार घेऊन? सिल्क्यारासारख्या ठिकाणी तो अधिकार असलेला माणूस वेळेवर बोलला तर किती घरे वाचतील.

दहावीनंतर शास्त्र शाखा किंवा स्थापत्याचा डिप्लोमा, नाहीतर आयटीआयचा सर्व्हेअर किंवा ड्राफ्ट्समनचा कोर्स, या वाटा आपल्या आवाक्यातल्या आहेत. बी. एस्सी.ला भूशास्त्र घेणारा विद्यार्थी तर आमच्याकडे वर्षानुवर्षे कोणी दिसत नाही. मुलींच्या पालकांना विशेष सांगतो. कोअर तपासणे, नकाशे काढणे, संगणकावर दाबाचे गणित मांडणे, ही कामे प्रयोगशाळेत आणि कचेरीतही होतात. गणितात गेल्या तीन वर्षांत आमच्या शाळेत पहिल्या आलेल्या तिन्ही मुलीच आहेत. त्यांतील दोघींचे शिक्षण बारावीला थांबले. कारणे त्यांच्या घरच्यांना ठाऊक आहेत, मी त्यात शिरत नाही. पण हे बोलल्यावाचून राहवलेही नाही.

बाहेर व्हरांड्यात टेबलावर नववीच्या विद्यार्थ्यांनी घाटातील रस्त्याच्या कडेने गोळा केलेले दगड मांडले आहेत. काळा कातळ, पांढऱ्या खड्यांचा दगड, जांभा आणि तो लाल मऊ थर, असे चार. शेजारी पाण्याची वाटी ठेवली आहे. चहा घेण्याआधी प्रत्येकाने लाल दगडावर आणि काळ्या दगडावर थोडेसे पाणी टाकून पाच मिनिटे थांबून पाहावे. मुलांना काही विचारावयाचे असेल तर मी तेथेच उभा आहे.